फोटोत न दिसलेलं

खातूनबीला खोकला लागला तेव्हा तिनं तो पेंढ्याच्या धुळीवर ढकलला. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या चंद्रपूरच्या ठोक दुकानात पेंढ्यात बांधून येत आणि पेटी सोडली की घरभर कुसं उडत. अहेरीत बांगड्या विकणाऱ्या मनिहारांची दोनच घरं होती. त्यातल्या एका घरची ही सून वीस-बावीस वर्षं बाजार फिरत होती. अहेरी, आलापल्ली, एटापल्ली आणि लग्नसराईत खाली सिरोंच्यापर्यंत. डोक्यावर पेटी, खांद्यावर बांगड्यांच्या माळा. नवरा बाबूभाई घराच्या ओट्यावर बसून शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. मुलगी अदीबा तिथल्याच कॉलेजात बी.ए. करत होती.

खोकला पावसाळाभर राहिला. छातीच्या फोटोत डाग निघाला. त्या भागात फोटोतला डाग म्हणजे बहुतेक वेळा टीबीच असतो, म्हणून थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. खातूननं एकही चुकवली नाही. गोळ्यांचा सगळा कोर्स संपला, खोकला मात्र तसाच होता आणि आता जिना चढावा तशी धाप सपाट रस्त्यावर लागायची. बायांच्या हाताचं माप ती नुसतं पाहून सांगत असे. पण आपल्याच हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरतात, हे तिला अदीबानं दाखवलं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बाबूभाईनं तिला नागपूरला नेलं. तिथं छातीतून पाणी काढलं आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या.

"मी तं बिडीले हात नाई लावला कधी," खातून म्हणाली. तिचा पहिला राग त्याचाच होता.

डॉ. गहाणे म्हणाले, की बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायांमध्येही फुफ्फुसाचा एक कॅन्सर होतो. त्यातल्या काहींच्या गाठीत एका जनुकात ठरावीक बदल असतो. तो असेल तर एक गोळी लागू पडते, सलाईनची गरज पडत नाही. पण बदल आहे की नाही हे कळायला गाठीचा तुकडा हवा. त्यांनी सुई घालून तुकडा काढला, तो फार बारका निघाला. दुसऱ्यांदा घातली तेव्हा फुफ्फुसाला भोक पडून हवा सुटली आणि खातूनच्या बरगड्यांमध्ये नळी घालून तिला काही दिवस वॉर्डात ठेवावं लागलं. तिसऱ्यांदा विचारायला आले तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"आता मले टोचू नोका. घरी जाऊ द्या."

रिना रामटेके तिला भेटली ती या नकारानंतर. रिना मूळ सावली गावची. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. ती जीवशास्त्रात एम.एस्सी. करून आता गहाण्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. तिचं काम रक्ताचं होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रोग्यांचं रक्त घ्यायचं, त्यातला पाण्यासारखा भाग वेगळा करायचा आणि त्या पाण्यात गाठीचा डीएनए सापडतो का ते पाहायचं. रोगी तिला डॉक्टरबाई म्हणत. ती दर वेळी सांगे, मी डॉक्टर नाही. कोणी ऐकत नसे.

तिनं खाटेजवळ स्टूल ओढला. "मावशी, हातातून नुसतं रक्त पाह्यजे. साध्या तापात तपासाले घेते तेवढंच."

"रक्ताचा काय संबंध? रोग तं छातीत आहे."

"तुमी कोनीकडच्या?"

"अहेरी."

"मंग पुरात प्राणहिता पाह्यली असन. पाण्यात काय काय वाहून येते?"

खातूननं मान वळवली. हा प्रश्न तिला डॉक्टरी वाटला नाही. "लाकडं येते. सागाचा पाला येते. एखांद्याचं छप्परही येते."

"पाला दिसला का समजते न, वर सागाचं रान आहे म्हनून? रानात जा लागत नाई. तसंच आहे हे. गाठीच्या पेशी मरत राह्यते, त्याचे बारके बारके तुकडे रक्तात वाहत येते. ते हुडकाचे."

"आन नाई सापडले तं?"

"तं काहीच समजत नाई. गाठीत बदल नाई, असं नाई म्हनता येत. कधी कधी ते इतके थोडे असते का हातीच लागत नाई."

हे उत्तर खातूनला आवडलं. मागच्या वर्षभरात तिला कोणी 'समजत नाही' असं म्हटलं नव्हतं. तिनं हात पुढं केला आणि रिनानं दंडाला रबर बांधायच्या आत पुन्हा मागं घेतला.

"एक आहे बाई. जे निघन ते मले सांगाचं. टीबीच्या वक्ताले समदे म्हने, बरं होऊन राह्यलं, बरं होऊन राह्यलं. मी इकडे वाळत गेली."

"सांगीन," रिना म्हणाली. अभ्यासाच्या नियमात रक्ताचा निकाल रोग्याला सांगायची मुभा तिला नव्हती. पण त्या वेळी तिला ते फार महत्त्वाचं वाटलं नाही. सुई शिरेत नीट गेली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बदल सापडला. रिनानं तपासणी पुन्हा केली आणि तेव्हाही सापडला. गहाण्यांनी बराच वेळ तो निकाल पाहिला. तुकड्याशिवाय नुसत्या रक्तावर औषध सुरू करायचं म्हणजे त्यांच्या स्वभावाला ते मानवणारं नव्हतं. पण बाई तिसरी सुई घेऊ देणार नव्हती आणि सलाईन झेपेल इतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. त्यांनी अभ्यासातूनच गोळी चालू केली, रोज एक.

पंधरवड्यात धाप कमी झाली. तोंडावर मुरमांसारखं पुरळ आलं, नखांच्या कडा दुखायला लागल्या, पण खोकला गेला. रमजानच्या सुमारास खातून पेटी उचलू लागली आणि दिवाळीनंतर आलापल्लीच्या बाजारात आपल्या जागेवर जाऊन बसली. तिथं मधल्या काळात एक प्लॅस्टिकवाला बसायला लागला होता. तिनं त्याला शांतपणे दोन हात सरकायला सांगितलं.

रक्त मात्र दर दोन महिन्यांनी द्यायचं होतं आणि ते काढल्यावर थोड्याच वेळात यंत्रात फिरवावं लागे. उशीर झाला की त्यातल्या पांढऱ्या पेशी फुटत, त्यांचा डीएनए पाण्यात मिसळे आणि गाठीचा असलेला थोडासा त्या गर्दीत हरवून जाई. अहेरीहून नागपूर फार लांब. म्हणून रिनानं चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या एका पॅथॉलॉजीवाल्याला त्याचं यंत्र वापरू देण्यासाठी पटवलं. ती सकाळच्या गाडीनं नागपूरहून यायची, खातून अहेरीहून एसटीनं. रक्त निघालं की रिना घड्याळ आणि दिव्याचा बल्ब दोन्हीकडे पाहत बसे, कारण भारनियमनाचा भरवसा नसे. एकदा यंत्र फिरता फिरता वीज गेली आणि सगळं वाया गेलं. खातून गोल बाजारातून माल घेऊन परत आली, तोंड उतरलेली रिना पाहिली आणि न सांगताच दुसरा हात पुढं केला.

रमजानात पहिल्यांदा यायचं होतं तेव्हा तिनं फोनवर विचारलं होतं, "रक्त दिलं तं रोजा तुटते का?"

"मले नाई माहीत मावशी. कोनाले तरी विचारा."

खातूननं मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी, तपासणीसाठी तुटत नाही, असं सांगितलं.

तिसऱ्या वेळेपासून रक्तात तो बदल दिसेनासा झाला. रिना ते तिला सांगत गेली. चांगली बातमी सांगायला कोणाची हरकत नव्हती, गहाण्यांचीही नाही. "नाई दिसला," रिना म्हणे. खातून "शुक्र आहे" म्हणे आणि पेटीतून दोन-चार बांगड्या काढून रिनाचा हात हातात घेई. खातूनची बोटं फार मऊ होती. धरलेल्या हाताची हाडं जणू वितळून एकमेकांत जात आणि काच मनगटावर कधी उतरली हे कळत नसे. लॅबमध्ये गेल्यावर रिनाला त्या उतरवून ठेवाव्या लागत. हातमोज्यांत बांगड्या चालत नाहीत, हे तिनं खातूनला कधी सांगितलं नाही.

असं सव्वा वर्ष गेलं.

दोन हजार आठच्या थंडीत घेतलेल्या नमुन्यात तो बदल परत आला. सोबत एक नवाही होता. हा दुसरा बदल झाला की ती गोळी गाठीवर चालत नाही, हे तोवर जगात माहीत झालं होतं. त्याच्यावर चालणारी दुसरी गोळी तेव्हा नव्हती. रिनानं तपासणी तीनदा केली आणि कागद घेऊन गहाण्यांकडे गेली.

गहाण्यांनी गेल्याच महिन्याचा छातीचा स्कॅन काढून खिडकीच्या उजेडाला धरला. "छाती जशीच्या तशी आहे. बाई कशी आहे?"

"मागच्या वेळी बरी होती. बाजार करते आहे."

"मग काय सांगणार तिला? रोग परत आलाय, कुठं ते माहीत नाही, दुसरी गोळी नाही. आणि परत आलाय असं कोण म्हणतं? आपली नळी म्हणते. ही तपासणी अजून कच्ची आहे रिना. आपण ती तपासतो आहोत, तिच्यावर रोगी तपासत नाही आहोत."

"सुरुवातीला आपण याच तपासणीवर गोळी दिली, सर."

"तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता ती चांगली हिंडते-फिरते आहे. तिचे हे चांगले महिने आहेत, आणि ते तू घालवशील. लक्षण दिसलं की स्कॅन करू. नियम तोच आहे."

रिनाला ते चुकीचं वाटलं नाही. हेच तिला जड गेलं. गहाणे निष्ठुर नव्हते. पूर्वी एका रोग्याला अर्ध्या माहितीवर काही सांगून बसल्याचा त्यांना अनुभव होता, तो ते अधूनमधून सांगत. ती लॅबमध्ये परत आली. पुढची तारीख दीड-दोन महिन्यांनी होती. त्या दिवशी खातून विचारणार, 'दिसला का?' आणि तिला 'नाई' म्हणावं लागणार. किंवा 'डॉक्टरसाहेबाले विचारा' म्हणावं लागणार, आणि तेही खातूनला बरोबर कळणार. हे दोन-तीन दिवस तिच्या मनात घोळत राहिलं. मग ती सुट्टी टाकून सावलीला घरी गेली आणि तिथून आईला काहीतरी कारण सांगून अहेरीच्या गाडीत बसली.

बाबूभाई ओट्यावर एका मशिनीचं चाक फिरवून पाहत होता. रिनाला पाहून तो उभाच राहिला. "अरे, डॉक्टरबाई! इथी कशा?" त्यानं आत आवाज दिला.

खातून चुलीपाशी होती. ती उठली तेव्हा तिनं एक हात भिंतीला आणि दुसरा मांडीला लावला. तिनं रिनाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "जा, बाजूच्या घरून दूध आना," असं तिनं बाबूभाईला सांगितलं. तो गेल्यावर म्हणाली, "सांगा."

"मावशी, मले सांगाची परवानगी नाई. मी तरी आली."

"दिसला."

"हो. आन पैलेसारखा नाई. आता ती गोळी कामाची राह्यली नाई, असं वाटते. पर एक आयका, छातीचा फोटो साफ आहे. ही तपासणी चुकूही शकते."

"तीनदा केली असन तुमी."

रिनानं मान हलवली.

"कुठी आहे तो?"

"रक्त ते सांगत नाई. आहे, एवढंच सांगते."

"मंग अर्धीच बात सांगते तुमची मशीन," खातून म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, चंद्रपूरचा ठोकवाला एखाद्या पेटीत फुटकं देतो तेव्हा ती ज्या सुरात बोलत असे तोच सूर होता. थोड्या वेळानं तिनं पदराला हात पुसले. "किती दिवस आहे मंग?"

"मले खरंच नाई माहीत. महिने असते. तुमाले कुठी दुखते काय? खोकला? डोकं?"

"काई नाई दुखत."

"झूठ!" दारातून आवाज आला. अदीबा कॉलेजातून येऊन कधीची उभी होती. तिनं वह्या खाटेवर टाकल्या. "अम्मी, झूठ काऊन बोलते? रोज माह्याकडून पाठीले तेल लावून घेते. मागच्या बाजारातून पेटी अकरमभाईच्या जीपमंदी टाकून आनली. सांग न!"

"पेटी जड होती."

"आधी जड नोती काय?"

रिनानं विचारलं, पाठीत नेमकं कुठं दुखतं. खातूननं हात मागं नेऊन दोन खांद्यांच्या मधोमध, जरा खाली दाखवलं. हे दुखणं पेटीचं, हे तिनं गृहीतच धरलं होतं. आणि सांगितलं असतं तर बाबूभाईनं बाजार बंद केला असता. मग तिनं आणखीही सांगितलं, कारण आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. छातीभोवती कोणी दोरी आवळल्यासारखं वाटतं. दोन-तीन दिवसांपासून पाय जड पडतात. सकाळी चप्पल पायातून निसटली आणि तिला कळलंच नाही, दहा-बारा पावलं तशीच चालली.

रिना डॉक्टर नव्हती. पण कॅन्सरच्या वॉर्डातून रोज जाणाऱ्या माणसाला काही गोष्टी ऐकून माहीत होतात. ती ओट्यावर आली, तिथं ठेवलेला बाबूभाईचा मोबाईल घेतला आणि गहाण्यांना फोन लावला.

"तू कुठं आहेस?" गहाणे म्हणाले.

"अहेरीला, सर. खातूनबीच्या घरी."

"तू सांगितलंस."

"हो. सर, तिची पाठ दुखते आहे, आणि पाय..."

"रिना, तुला कळतंय का, की—"

"सर, चप्पल निसटली ते तिला कळलं नाही."

गहाण्यांचा आवाज बदलला. लघवी होते का? दोन्ही पाय उचलता येतात का? मुंग्या कुठपर्यंत येतात? रिना आत-बाहेर करत विचारून सांगत राहिली. "ऐक," ते म्हणाले. "मणक्यात गाठ असेल आणि ती मज्जारज्जूवर दाबत असेल. पाय एकदा गेले तर परत येत नाहीत. आत्ता निघा. तिला बसवून आणू नका, फळीवर सपाट झोपवा. गाडीचे हिसके बसता कामा नयेत. आष्टीच्या सरकारी दवाखान्यात मी फोन करून ठेवतो, ते एक इंजेक्शन देतील. ते घेऊन सरळ इकडे या."

बाबूभाई दुधाचं भांडं घेऊन उभा होता. त्यानं अर्धवट ऐकलं होतं. "क्या हुआ?"

त्याला सांगावं लागलं. दुधाचं भांडं मशिनीवर ठेवून तो थेट अकरमच्या घरी गेला. अकरमची जीप बाजाराच्या दिवशी एटापल्लीच्या सवाऱ्या मारायची. मागची दोन्ही बाकडी काढून टाकली. बाबूभाईनं दुकानाचं लाकडी फळकूट उपसून जीपमध्ये आडवं बसवलं, त्यावर गाद्या टाकल्या आणि चार माणसांनी खातूनला चादरीसकट उचलून त्यावर ठेवलं.

"मी चालत येतो न बापा," ती म्हणाली.

"चूप राह्य," बाबूभाई म्हणाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, तो तिला असं कधी बोलला नव्हता.

रस्ता भयंकर होता. अकरम बैलगाडीच्या वेगानं खड्डे चुकवत गेला. रिना आणि अदीबा दोन बाजूंना बसून खातूनचे खांदे आणि कंबर धरून होत्या. आष्टीला इंजेक्शन मिळालं. वैनगंगेच्या पुलावर खातून म्हणाली, "नदी दिसू द्या जराशी," पण तिला उठू देता येत नव्हतं. तेव्हा अदीबानं, पाणी किती आहे, रेतीवर टरबुजाच्या वाड्या लागल्या आहेत, कोणी तरी म्हशी धुतंय, असं सांगत पूल पार केला.

नागपूरला पोचले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. स्कॅनमध्ये पाठीच्या एका मणक्यात गाठ दिसली, मज्जारज्जूला चिकटून. छाती स्वच्छच होती. सकाळी किरणोपचार सुरू झाले. पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही आणि बाबूभाई वॉर्डाबाहेरच्या बाकावरून हलला नाही. मग एका सकाळी तपासताना गहाण्यांनी तळव्यावरून किल्ली ओढली तेव्हा खातून ओरडली, "अरे, गुदगुल्या होते!" सहसा न हसणारे गहाणेही हसले.

दोन आठवड्यांनी ती काठी धरून वॉर्डात चालली, नंतर काठीशिवाय.

रिनाला गहाण्यांनी रोग्यांना भेटण्यापासून थांबवलं. पुढचं वर्षभर तिच्याकडे नमुने फक्त नंबर टाकून येत राहिले, नाव नाही, गाव नाही. तिनं तक्रार केली नाही. एकदा त्यांच्यात यावर बोलणं झालं.

"माझ्या नियमानं थांबलो असतो तर ती बाई खाटेला खिळली असती, हे मला माहीत आहे," गहाणे म्हणाले. "पण एका बाईवरून तपासणी सिद्ध होत नाही. पाठ दुखते का, हे मी तिला आपण होऊन विचारायला हवं होतं. ते रक्ताशिवायही करता आलं असतं."

"मग सगळ्यांना विचारू या, सर. निदान ज्यांच्या रक्तात दिसेल त्यांना तरी."

अभ्यासाचे नियम ठरवणाऱ्या समितीपुढं तसा बदल गहाण्यांनी स्वतःच मांडला. रक्तात रोग परतल्याचं दिसलं तर रोग्याला, त्याची इच्छा असल्यास, सांगायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं. त्यानंतरच्या पावसाळ्यात कुरखेड्याच्या पत्रू नावाच्या एका निवृत्त वनरक्षकाला असं सांगितलं गेलं. त्याच्यात कुठंच काही सापडलं नाही. तो तीन-चार महिने जेवला-झोपला नाही, शेत बटईनं कसायला देऊन टाकलं, मुलांना बोलावून घेतलं. नंतर कळलं, की त्याच्या नळीत दुसऱ्या नमुन्याचा अंश मिसळला होता. त्याची माफी मागायला रिना गहाण्यांसोबत स्वतः गेली. पत्रू चिडला नाही. फक्त म्हणाला, "आता मी बरा आहे म्हनता, ते तरी कायच्यावरून म्हनता?"

खातूनला गहाण्यांनी सलाईनवरची औषधं देऊ केली, आता ती झेपण्याइतकी ताकद तिच्यात आली होती. तिनं चार वेळा घेतली. केस गेले, पण रोग थांबल्यासारखा झाला. जड पेटी उचलायची नाही अशी सक्त ताकीद होती. मग पेटी अदीबानं उचलली आणि खातून मोकळ्या हातांनी तिच्या मागून चालली. त्या उन्हाळ्याच्या लग्नसराईत दोघी सिरोंच्याला गेल्या. खातून डोक्याला घट्ट रुमाल बांधून बसायची आणि मुलीला हात दाखवायची. अंगठ्याखालचा उंचवटा कसा दाबायचा, बाई बोलत असतानाच काच कशी उतरवायची, रडणाऱ्या नवरीच्या हातात बांगड्या भरताना घाई का करायची नाही. अदीबाची बोटं आईसारखी मऊ नव्हती. सुरुवातीला पुष्कळ काच फुटली. खातून फुटलेल्या बांगड्यांकडे पाहायची आणि दुसऱ्या काढून द्यायची.

रिना तिला त्या काळात भेटू शकली ती एकदाच, चंद्रपूरला, गोल बाजारात. खातूनबरोबर बाबूभाईही होता. तिघं एका हॉटेलात चहा प्यायले. बाबूभाई एकाएकी म्हणाला, "डॉक्टरबाई, एक पुसू? तुमी त्या दिवशी आल्या नसत्या तं हिले दोन-चार दिवस चैनीचे भेटले असते."

"भेटले असते," रिना म्हणाली.

"मंग पाय गेले असते."

"हो."

"मी हिशेब लावून राह्यलो," तो म्हणाला आणि बशीतला चहा पिऊन टाकला.

खातून म्हणाली, "याले असंच आहे. मशीन चालू झाली तरी खोलून पाह्यते." मग रिनाकडे वळून: "लग्न करून राह्यल्या का नाई तुमी? हिरवा चुडा माह्याकडचा."

"पाहू मावशी."

"माह्याकडचा म्हंजे अदीबाच्या हातचा. मी आता काई राह्यत नाई तवापर्यंत." हे ती अगदी सहज म्हणाली आणि दुकानदारानं बांधून ठेवलेला माल पाहायला उठली. तिच्या चालण्यात काही दोष नव्हता.

दोन हजार नऊच्या पावसाळ्याच्या शेवटी खोकला परत आला. या वेळी रोग फोटोत दिसला, रक्त पाहायची गरज नव्हती. तरीही तिनं शेवटचा नमुना दिला. मागायला कोणी आलं नव्हतं. अहेरीच्या दवाखान्यात तिनंच विचारलं, 'नागपूरच्या बाईले पाह्यजे असन तं घ्या.' तिथं घेतलेलं रक्त वेळेत फिरवलं गेलं नाही, त्यामुळं ते तपासणीच्या कामाचं नव्हतं. रिनानं तरीही ते नोंदवून घेतलं. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हा खातून गेली, आपल्या घरी, उजाडता उजाडता. आदल्या दिवसापर्यंत ती स्वतः उठून अंगणात जात होती.

अदीबानं दोन बाजार सोडले. तिसऱ्या आठवड्यात ती आलापल्लीला जाऊन आईच्या जागेवर बसली. एटापल्लीकडच्या पाड्यावरची सोमारी नावाची माडिया बाई मुलीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला आली होती. तिनं इकडं-तिकडं पाहिलं आणि विचारलं, "तुही माय?"

अदीबानं सांगितलं.

सोमारी तिथंच खाली बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तिच्या टोपलीला लागत होते. मग तिनं आपल्या मुलीला पुढं ओढलं, तिचा हात अदीबाच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "भर."